पाठ बघितलीस का?

(द्रोणागिरी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मृतीला वाहिलेली आहे, त्या आमच्या मेट्रनबाईंना समारंभात आपले नाव घेतलेले खपत नसे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मानपत्रसुद्धा वाचू दिले नव्हते. त्यामुळे वॉर्डात म्हणायचो तसे आजही मी त्यांना नुसते 'बाई' म्हणणार आहे.

मी धर्मशास्त्राची अभ्यासक नाही. चौतीस वर्षे परिचारिका होते, त्यातली पहिली सहा वर्षे बाईंच्या हाताखाली. मी ज्या समाजात वाढले तिथे दोन घरांआड एक नर्स असायची. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय सुरू केले. तशी रुग्णालये महाराष्ट्रात इतरत्रही उभी राहिली आणि मराठी ख्रिस्ती मुलींच्या किती पिढ्यांनी तिथे पांढरा गणवेश अंगावर चढवला. आईने मला प्रार्थना करायला शिकवले, बाईंनी रुग्णाखालची चादर बदलायला शिकवले. या दोन शिकवणींत फार अंतर नाही हे कळायला मात्र म्हातारपण उजाडावे लागले.

बाई रात्रपाळीला राउंडवर यायच्या. ताप-नाडीचा तक्ता भरलेला असायचा, सलाईन नीट चाललेले असायचे, रुग्ण शांत झोपलेला असायचा. बाई सगळे बघायच्या आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारायच्या, "पाठ बघितलीस का?"

इथे बसलेल्या नर्सभगिनींना हा प्रश्न समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. ज्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही, त्याच्या हाडांच्या उंचवट्यांवरची कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये चेंगरली जाते. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याचे फरे. तिथला रक्तपुरवठा तुटतो. आधी लाली येते. बोटाने दाबून सोडले तरी ती जात नाही. मग कातडी फाटते आणि जखम आत आत हाडापर्यंत जाते. याला बेडसोअर म्हणतात. यावर पहिले औषध एकच, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे. ही जखम रुग्णाला दिसत नाही, नातेवाइकांना दिसत नाही, आणि लकवा असेल तर रुग्णाला कळतही नाही. म्हणून बाई म्हणायच्या, "चेहरा सगळेच बघतात गं. नर्सने पाठ बघायची."

आजचे माझे बोलणे याच एका वाक्यावर आहे. ते मला खऱ्या अर्थाने कळले ते एका कुत्रीमुळे, तेही इथे, द्रोणागिरीत.

निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको दोघे इथे राहायला आलो. आज लोक १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या लोकलने द्रोणागिरी स्टेशनावर उतरतात. आम्ही आलो तेव्हा त्याची नुसती चर्चा होती. एका बाजूला डोंगर, त्यावर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष, पायथ्याशी करंजाची द्रोणागिरी देवी. दुसऱ्या बाजूला १९८९ मध्ये सुरू झालेले बंदर, आणि त्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगा. मधल्या भागात आमचे सेक्टर, अर्ध्या इमारती उभ्या, अर्ध्या उभ्या राहायच्या. ट्रेलरचे ड्रायव्हर गाडीच्या सावलीत स्टो पेटवून भात शिजवतात, उरलेला भात कुत्र्यांना घालतात. कुत्री त्याच सावलीत, चाकांच्या मधोमध झोपतात. रांग हलते तेव्हा सगळीच वेळेवर उठतात असे नाही.

जुलैतली पहाट होती. आमच्या इमारतीच्या वॉचमनने बेल वाजवली. "मॅडम, तुम्ही नर्स आहात ना?" गोणपाटावर एक तांबूस कुत्री पडली होती. पुढचे पाय चालत होते, मागचे दोन नुसते फरफटत होते. कमरेवरच्या जखमेत अळ्या झाल्या होत्या, म्हणजे अपघात होऊन दोन-तीन दिवस उलटले होते. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही. तिने माझ्याकडे पाहिले.

खरे सांगते, त्या क्षणी मला दया आली. दया येणे ही फार सोपी गोष्ट आहे. असा चेहरा पाहिला की कोणालाही येते.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कणा मोडला होता, मागचा भाग कायमचा गेला होता. त्यांनी दोन मार्ग सांगितले. एक, तिला शांतपणे झोपवणे. तोही दयेचाच मार्ग असतो. जो प्राणी वेदनेत तडफडतो आहे त्याच्यासाठी तो निवडणाऱ्याला मी कधी दोष देणार नाही. पण ही खात होती, तिला मागे वेदना जाणवत नव्हत्या, डोळ्यांत तरतरी होती. मग दुसरा मार्ग, सांभाळणे. डॉक्टर म्हणाले, "बरी होणार नाही. जगेल. पण तुम्हाला जमेल का?"

यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "आयुष्यभर हेच तर केले आहे."

आम्ही तिचे नाव ठेवले चिंधी, कारण पहिले आठ दिवस ती जुन्या सुती साडीच्या चिंध्यांत गुंडाळलेली असायची. चिमट्याने एकेक अळी काढायची, सलाईनने जखम धुवायची, मलम लावायचे. दिवसातून तीनदा पोटाला दोन्ही बाजूंनी हलका दाब देऊन मूत्राशय रिकामे करायचे. नाही केले तर जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो. शी-शू साफ करून कातडी कोरडी ठेवायची. आणि दिवसा दर दोन तासांनी, रात्री अकराला, दोनला, पाचला, तिची कूस बदलायची.

इथे थांबून आपण लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या प्रसिद्ध दाखल्याकडे जाऊ. यरुशलेम ते यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला माणूस. याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो, परका शोमरोनी थांबतो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, आपल्या जनावरावर त्याला बसवतो, सराईत नेतो. लहानपणापासून या गोष्टीतला शोमरोनी व्हायला आपल्याला शिकवले जाते. पहिल्या आठवड्यात मलाही वाटत होते की मी शोमरोनी झाले.

तिसऱ्या आठवड्यात ते वाटणे ओसरले. कंबर धरली होती, घरात फिनेलचा वास भरून राहिला होता, झोप नव्हती. मुलीचा फोन आला की ती म्हणायची, "आई, पुरे कर आता." तेव्हा मला त्या दाखल्यातला एक माणूस पहिल्यांदा दिसला, त्या सराईचा मालक. शोमरोनी एक रात्र थांबला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हातावर ठेवली, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला आणि वाटेला लागला. पट्ट्या पुढे कोणी बदलल्या? तापात पाणी कोणी पाजले? त्या जखमी माणसाची पाठ कोणी पाहिली? त्या सराईवाल्याचे नाव कोणी विचारत नाही. त्याच्या नावाने कुठे रुग्णालय निघाले नाही. पण दया रस्त्यावर सुरू होते आणि सराईत पुरी होते. आपली घरे, जिथे कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेले असते, त्या सराया आहेत. तिथे जागणाऱ्या सुना, लेकी, मुलगे यांना मी आज या व्यासपीठावरून सांगते, धन्याने परत येण्याचे वचन दिले आहे आणि तो हिशेब विसरत नाही.

त्या दाखल्यात शोमरोन्याला कळवळा आला, असे आपण वाचतो. मूळ ग्रीक शब्द आतड्यांवरून आलेला आहे. मराठीला याचे भाषांतर करायची गरजच नाही. आपण 'आतडे तुटते' म्हणतो, 'आतड्याची माया' म्हणतो. हाच शब्द मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखी दैन्यवाणी गर्दी पाहून येशूला जे झाले त्यासाठी येतो, आणि उधळ्या पुत्राला लांबून येताना पाहून बापाला जे झाले त्यासाठीही. जुन्या करारातला हिब्रू शब्द तर आणखी आत नेतो. करुणेसाठीचा तो शब्द 'रेहेम'शी, म्हणजे गर्भाशयाशी जोडलेला आहे. आणि गर्भाशयाला आपण काय म्हणतो? कूस. कूस म्हणजे अंगाची बाजू आणि कूस म्हणजे आईचा गर्भ. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून झाले. त्याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, आजारी मुलींना उचलून आपल्याकडे आणले होते. शब्दांतली करुणा आणि हातांतली करुणा एकाच बाईच्या ठायी होती. रात्री दोन वाजता चिंधीची कूस बदलताना मला अनेकदा वाटे, जो देव मला रोज एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवतो, त्याच्या करुणेचे नावच मुळी कुशीवरून पडले आहे.

आता एक आक्षेप घेऊ. आमच्याच मंडळीतल्या एका वडिलांनी तो घेतला होता, आणि प्रेमाने घेतला होता. ते म्हणाले, "सिस्टर, पवित्र शास्त्रात कुत्र्याला काही फार मान नाही." खरे आहे. शास्त्रात कुत्रा हा बहुतेक ठिकाणी हिणवण्याचा शब्द आहे. तरीही श्रीमंताच्या दाराशी पडलेल्या लाजराच्या फोडांजवळ जी येतात ती कुत्रीच असतात, श्रीमंत घरातले कोणी नाही. आणि जनावरांबद्दल शास्त्र काय सांगते ते एकत्र ठेवून पाहिले तर थक्क व्हायला होते. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला उठवायला मदत कर. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नकोस. शब्बाथ जसा तुझ्यासाठी तसा तुझ्या बैलासाठी आणि गाढवासाठी. येशूने शब्बाथाच्या कडक पालनाबद्दल वाद घालणाऱ्यांना विचारले होते की तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याच दिवशी त्याला बाहेर काढणार नाही का? एका रविवारी चिंधीचे सगळे अंथरूण खराब झाले आणि मी उपासनेला निम्म्यातून पोचले. मन खात होते. प्रभुभोजनाच्या वेळी ती विहीर आणि तो बैल आठवला आणि मन शांत झाले.

योनाच्या पुस्तकाचा शेवट तुम्ही पुन्हा एकदा वाचा. निनवे नगर वाचले म्हणून योना रुसून बसला आहे, आणि देव त्याला एक प्रश्न विचारतो. एक लाख वीस हजारांहून अधिक अजाण माणसे त्या नगरात आहेत, त्यांची मला कीव येऊ नये काय? आणि या प्रश्नाच्या अगदी शेवटी देव तिथल्या जनावरांचीही आठवण काढतो. पुस्तक तिथेच संपते. देवाच्या हिशेबात गुरेढोरे आली आणि योनाला उत्तर सुचले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि नर्स म्हणून मी तो टाळणार नाही. रस्त्यावरची कुत्री माणसांना चावतात, मुलांना चावतात. रेबीज झालेला रुग्ण मी पाहिला आहे. पाण्याचा पेला समोर आणताच त्याच्या घशाला पडलेला तो पीळ मी मरेपर्यंत विसरणार नाही. लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. म्हणून सांगते, प्राण्यांची सेवा करणाऱ्यांनी आधी स्वतः लस घ्यावी, त्या प्राण्यालाही द्यावी. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. माझी करुणा शेजारच्या मुलाच्या जिवावर उठत असेल तर ती करुणा नव्हे, हट्ट झाला. चिंधीला लस दिली, नसबंदी केली, ती आमच्या घरात राहिली. प्रेमाला शिस्त लागते. बाईंचा सगळा वॉर्ड त्या शिस्तीवर चालायचा.

आणखी एक गोष्ट आपण ख्रिस्ती लोकांनी नम्रपणे लक्षात ठेवायला हवी. या मातीला प्राण्यांवर माया करायला आपण शिकवलेले नाही. रामेश्वराला वाहायला काशीहून आणलेली गंगेची कावड एकनाथ महाराजांनी वाळवंटात तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात ओतली, ही कथा मला चर्चमध्ये कळण्याआधी शाळेत कळली. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहेत. मुंबईत १८३२ मध्ये रस्त्यावरची कुत्री मारायला सुरुवात झाली तेव्हा पारशी समाज खवळून उठला. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद या पारशी आणि जैन गृहस्थांनी मिळून पांजरपोळ उभारली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो हे ते अभिमानाने सांगत. मीसुद्धा त्या कावडीच्या वाटेनेच शोमरोन्याकडे आले आहे.

आपल्या वाट्याचा वारसाही आहे आणि तो जपायला हवा. लंडनमध्ये १८२४ साली जनावरांवरील क्रूरता थांबवण्यासाठी संस्था स्थापन झाली, तिच्यामागे आर्थर ब्रूम नावाचे एक पाळक होते. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचलेले विल्यम विल्बरफोर्सही त्यांच्याबरोबर होते. साखळदंडातला माणूस आणि चाबकाखालचा घोडा, दोघांसाठी एकच मन दुखत होते. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगात जावे लागले. जनावरांसाठी एक पाळक तुरुंगात गेला, हे आपल्या रविवारच्या शाळेत मुलांना सांगितले पाहिजे.

मित्रहो, आता मी माझ्या मनातल्या सगळ्यांत अवघड गोष्टीकडे येते. मी चिंधीसाठी प्रार्थना केली होती. ती चालावी म्हणून. तीन महिने मी तिच्या पायांना मालीश केले, व्यायाम दिला आणि प्रार्थना केली. पाय हलले नाहीत. बंदरातल्या एका फॅब्रिकेटरने पाइप आणि दोन छोटी चाके जोडून गाडी करून दिली, तीत ती पुढच्या पायांवर थोडे फिरायची. पण बरी झाली नाही.

चमत्काराच्या गोष्टी आपल्या मंडळीत साक्षी म्हणून सांगितल्या जातात आणि सांगितल्या जाव्यात. पण जिथे चमत्कार झाला नाही तिथल्या साक्षीला आपल्याकडे जागा नसते. पंधरा वर्षे अर्धांगवायूने पडलेल्या नवऱ्याला भरवणारी बाई साक्ष द्यायला कधी उभी राहते का? चिंधीने मला त्या साक्षीची जागा दाखवली.

येशूने चिमण्यांबद्दल जे सांगितले ते आपण अर्धेच ऐकतो. एका दमडीला दोन चिमण्या विकतात, असे मत्तय सांगतो. लूक म्हणतो, दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी वर टाकलेली. करंजाच्या मासेबाजारात कोळीण वाटा विकताना वर एखादी मासळी टाकते ना, तशी. हिशेबात नसलेली. त्या पाचवीचाही देवाला विसर पडत नाही. आणि पुढे येशू काय म्हणतो? चिमणी पडणारच नाही, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. पित्यावाचून ती पडत नाही, एवढेच म्हटले आहे. ती पडते, पण एकटी पडत नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाला धडकून जवळजवळ चाळीस फ्लेमिंगो मेले, तेव्हा आमच्या पाणजे पाणथळीवर पक्षी पाहायला येणारी मुले रडली होती. त्यातल्या एकीने मला विचारले, "आजी, देव तेव्हा कुठे होता?" मी तिला म्हटले, त्यांच्याबरोबर पडत होता. याहून शहाणे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही.

त्या उत्तराचा आधार बेथलेहेममध्ये आहे. खारकोपरहून पुढे आपली लोकल येते त्या वाटेवर गव्हाण नावाचे गाव आहे. नाव ऐकले की माझे मन दर वेळी लूकच्या दुसऱ्या अध्यायात जाते. गव्हाण म्हणजे गुरांना चारा घालायची जागा. जगाचा प्रभू बाळंत्यात गुंडाळून तिथे ठेवला होता. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात पहिल्यांदा तो देखावा मांडला तेव्हा खरे बैल आणि गाढव आणून उभे केले होते. नर्सच्या नजरेने त्या गव्हाणीकडे बघा. नवजात बाळाला स्वतःहून कूस बदलता येत नाही. मान सावरता येत नाही. ओले झाले तर दुसऱ्याने बदलावे लागते. देवाने असहाय जिवाकडे वरून पाहिले नाही, तो स्वतः असहाय झाला. म्हणून बरे होणे ही त्याच्या प्रेमाची अट असू शकत नाही. आणि त्याचा शेवट? त्याच्या पाठीवर फटके मारले गेले आणि त्याच फाटलेल्या पाठीवर क्रूसाचे लाकूड आले. बाईंचा प्रश्न मी कालवारीलाही विचारते आणि मान खाली घालते.

एक कबुली दिल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक आजीबाई होत्या, अर्धांग गेलेल्या, वाचा गेलेली. वॉर्ड भरलेला, रात्रपाळीला आम्ही दोघीच. एका रात्री मी त्यांची कूस बदलली नाही. तक्त्यावर मात्र बदलली असे लिहिले. चेहरा शांत होता म्हणून मी पुढे गेले. पुढच्या रात्रीही तसेच केले. तिसऱ्या दिवशी बाईंनी पडदा ओढला, आजीबाईंना वळवले आणि मला बोलावले. माकडहाडावर कातडी फाटली होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी जखम धुतली, मला धरायला लावले, आणि पुढचे पाच आठवडे त्या स्वतः रोज यायच्या. एका शब्दानेही त्यांनी मला खाली पाहायला लावले नाही. ती जखम भरली, पण माझ्या मनातली भरली नव्हती. त्या आजीबाई काही बोलू शकल्या नाहीत, हीच माझी सोय झाली होती. मुक्या जिवाच्या बाबतीत आपली परीक्षा यासाठीच होते. तो तक्रार करत नाही, साक्ष देत नाही. तिथे आपण काय करतो ते देवाला आणि आपल्याला एवढेच ठाऊक असते.

तुम्ही म्हणाल, म्हणजे चिंधी तुम्हाला हा धडा देण्यासाठी आली. मी बरेच दिवस तसे म्हणत असे. आता म्हणत नाही. चिंधी माझ्या धड्यासाठी जन्मली नव्हती. जलप्रलयानंतर देवाने धनुष्य मेघांत ठेवले तेव्हा करार नोहाशी झाला तसाच तारवातून उतरलेल्या प्रत्येक सजीवाशी झाला. तिचा तिच्या निर्माणकर्त्याशी स्वतंत्र करार होता आणि त्यात माझी जागा एका सराईवाल्याची होती. तिला उन्हात डोळे मिटून बसायला आवडायचे. पोळीपेक्षा भाकरी आवडायची. यांच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला की पुढचे दोन पाय आपटायची. हे सगळे तिचे होते. आपण ज्याची सेवा करतो त्याला आपल्या पुण्याचे साधन करून टाकले तर आपण पुन्हा चेहराच बघत राहतो, आणि तोही आपलाच.

चिंधी आमच्याकडे अकरा महिने जगली. पुढच्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या आठवड्यात तिने खाणे सोडले. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडे थकली आहेत. शेवटच्या रात्री आम्ही दोघे तिच्याजवळ बसलो होतो. दोन वाजले तशी सवयीने मी तिची कूस बदलली. तिने माझ्या मनगटाला एकदा जीभ लावली. पहाटे पाचला उठले तेव्हा ती गेली होती.

वॉचमनने कुदळ आणली. भेंडखळजवळ ओळखीच्या एका शेतकऱ्याने बांधाला जागा दिली. त्याआधी मी तिला कोमट पाण्याने शेवटचे पुसले. चौतीस वर्षांची सवय, हात आपोआप फिरत गेले. माकडहाड. दोन्ही खुबे. टाचा. खांद्याचे फरे. खिडकीतून उजेड येत होता, त्या उजेडात मी केस बाजूला करून करून पाहिले. अकरा महिने ती उठू शकली नव्हती आणि तिच्या अंगावर एकही जखम नव्हती.

बाई, मी पाठ बघितली.